सव्वा लाखाचा डॅक खरंच वेगळा वाजतोय का? घरच्या घरी कसं तपासावं?

नादखुळा (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

ऐकणं म्हणजे माझं बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत. त्यातही कुमारजी आणि मालिनीताईंची जुनी ध्वनिमुद्रणं. घरी बऱ्यापैकी अ‍ॅम्प्लिफायर, बुकशेल्फ स्पीकरची जोडी, स्ट्रीमर (गाण्यांच्या डिजिटल फाइल वाजवणारं यंत्र) आणि परवडेल असा एक डॅक (त्या डिजिटल फाइलचा ध्वनीसाठी सिग्नल करणारी पेटी) आहे. परवा ओळखीच्या एका दुकानदारानं भारीतला डॅक ऐकून बघायला दिला. किंमत सव्वा लाख. त्यांनी तो स्वतः आणून, मोठ्या एक्सएलआर केबलनं जोडून दिला. माझा जुना साध्या आरसीए केबलवर आहे.

पहिल्याच तानेला अंगावर काटा आला. तंबोरा मागे जाऊन नीट पसरला, डग्ग्याची घुमार भरली, गाणाऱ्याचा श्वास ऐकू यायला लागला. जुना परत लावला तर सगळं चपटं. कितीदा आलटून पालटून बघितलं तरी तेच.

मेहुणा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "दाजी, हे सगळे मनाचे खेळ. डोळे बांधून ओळखून दाखवा, मग मानतो." मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, ही परीक्षा घरी नीट कशी घ्यायची, म्हणजे नंतर त्यालाही पळवाट नको आणि मलाही. आणि दुसरी जास्त महत्त्वाची. हे प्लासिबो, म्हणजे नुसत्या विश्वासानं जाणवणारा परिणाम, असेल तर इतकं लख्ख कसं ऐकू येतं? मी काही मुद्दाम ठरवून ऐकत नव्हतो. दुकानदार रविवारी उत्तर मागतोय, आणि सव्वा लाख ही माझ्यासाठी लई मोठी रक्कम आहे.

जवारी (पुणे)

नादखुळा, मी गाणं शिकते आणि शिकवते. कानावर विश्वास ठेवा असंच सांगेन. तंबोऱ्याची जवारी (तारेची झणकार) लावताना घोडीवरचा दोरा किंचित सरकला तरी त्याचा रंग बदलतो. हे कळायला कुठलं यंत्र लागत नाही, रोजचा रियाज लागतो. डोळे बांधून "ओळख बघू" म्हटलं की माणूस बावरतो. त्या अवस्थेत सूक्ष्म गोष्टी निसटणारच. परीक्षेला बसवून संगीत ऐकता येत नाही.

विंगेतला

नादखुळा, मी नाटकांना साउंड देतो. संगीत नाटकंही बरीच केलीत, त्यामुळे तंबोरा आणि डग्ग्याचं तुमचं वर्णन वाचून ते कानाशी आलं. आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो, कारण मेहुण्यांचं म्हणणं मला निम्मंच पटतं.

तुम्हाला जे ऐकू आलं ते खरोखर ऐकू आलं. त्यात खोटं काही नाही. प्रश्न इतकाच आहे की ते त्या पेटीतून आलं, की पेटीबद्दल तुम्हाला जे माहीत होतं त्यातून आलं. कानातून आत जाणाऱ्या ध्वनीचं गाणं मेंदूत होतं, आणि मेंदू ते करताना डोळ्यांना दिसलेलं, किंमत, दुकानदाराचा उत्साह, सगळं सोबत घेतो. २००८ साली कॅलिफोर्नियात एक प्रयोग झाला. लोकांना एकच वाइन दोनदा दिली, एकदा १० डॉलरची सांगून आणि एकदा ९० डॉलरची. ९० डॉलरवाली जास्त आवडल्याचं लोकांनी सांगितलंच, शिवाय मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखद अनुभवाशी निगडित असलेला भागही जास्त उजळला. म्हणजे ते भिडेखातर "छान" म्हणत नव्हते, त्यांना ती खरंच जास्त छान लागत होती.

माहीत असलं की हे थांबतं, असंही नाही. २०१० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी आतड्याच्या जुनाट तक्रारीच्या ८० रुग्णांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांना गोळ्या दिल्या आणि यात औषध नाही हे स्पष्ट सांगूनच दिल्या. तरी काहीच न दिलेल्या गटापेक्षा त्यांना जास्त आराम पडला. तेव्हा "मला प्लासिबो ठाऊक आहे, मी फसणार नाही" हा भरवसा कुणीच बाळगू नये. मेहुण्यांनीही नाही. फरक नसणारच असं ठरवून बसलेल्या माणसाला खरा फरकही ऐकू येत नाही. डोळ्यांआडची चाचणी दोघांसाठी आहे.

माझ्या कामातलं एक सांगतो. एका संगीत नाटकाच्या रंगीत तालमीत ऑर्गनवादकांनी हात वर केला, मॉनिटरमधून (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) खालचे स्वर फार घुमतायत म्हणाले. मी कन्सोलपाशी वाकून त्यांच्या चॅनलच्या नॉबला हात लावला. फिरवणार, तेवढ्यात त्यांनी मान डोलावली. "हां, आता मोकळं झालं." त्या चॅनलचा ईक्यू (स्वरपट्टे कमी-जास्त करणारी सोय) बंद होता, बटणाशेजारचा हिरवा दिवा विझलेला मला समोर दिसत होता. हा माणूस असा, की गायकाचा मध्यम जरा उतरला तर पुढच्या जागेत सांभाळून घेतो. त्यांचा कान कच्चा नव्हता. कुणीतरी आपल्यासाठी काही करतंय हे त्यांनी पाहिलं आणि मेंदूनं त्याप्रमाणे ऐकवलं.

आता तुमच्या डॅककडे येऊ. माझा पहिला संशय त्या एक्सएलआर केबलवर आहे. ती चांगली की वाईट हा मुद्दाच नाही. बहुतेक डॅक आरसीएवर २ व्होल्ट देतात आणि एक्सएलआरवर ४. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल जास्त. काही अ‍ॅम्प्लिफायर आत ते सांभाळून घेतात, पण बरेच घेत नाहीत. आणि आवाज वाढला की नुसता मोठा वाटत नाही, भरलेला वाटतो. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की कमी आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भराभर वर येतात. डग्ग्याची घुमार भरली, श्वास ऐकू आला, तंबोरा पसरला, ही तुमची तिन्ही लक्षणं नुसत्या वाढलेल्या आवाजाचीही असू शकतात. फरक ६ चा असेल तर निदान जाणवेल तरी. अर्ध्या डेसिबलचा असला तर "मोठा झाला" असं कुणी म्हणत नाही, "खुलला" म्हणतात. दुकानात एक यंत्र दुसऱ्यापेक्षा भारी वाटायला तेवढं पुरतं.

म्हणून चाचणीत सगळ्यात आधी आवाज सारखा करायचा. कानानं नाही, मल्टिमीटरनं. दोन्ही डॅक आरसीएनंच जोडा. ४०० हर्ट्झच्या स्थिर सुराची फाइल लावा. स्वस्तातले मल्टिमीटर त्याच्यावरच्या सुरांना एसी धड मोजत नाहीत. स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर मीटर धरा, टोकं एकमेकांना लागू देऊ नका. एका डॅकवर २.८३ व्होल्ट येत असतील तर दुसऱ्यावर २.८० ते २.८६ च्या आत आले पाहिजेत. हे झालं ०.१ डेसिबल. त्याहून जास्त तफावत असेल तर मोठ्या आवाजाच्या डॅकच्या पुढे १० किलोओहमचा साधा स्टीरिओ पोटेंशियोमीटर (आवाज कमी करायचा नॉब) लावून उतरवा. कुठलाही रेडिओ दुरुस्तीवाला बसवून देईल.

दुसरं, दोन्हीकडे तेच गाणं त्याच क्षणी पोचलं पाहिजे. तुमच्या स्ट्रीमरला ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्शियल अशी दोन्ही आउटपुट असतील. एक या डॅकला, दुसरं त्या डॅकला. मग बदलायचं फक्त अ‍ॅम्प्लिफायरचं इनपुट. केबल उपसून दुसरी लावेपर्यंत अर्धा मिनिट जातो, आणि ध्वनीच्या बारीक पोताची आठवण तेवढा वेळ टिकत नाही. आधी काय ऐकलं त्याबद्दलचं आपलं मतच तेवढं उरतं.

तिसरं, ज्याला माहीत आहे तो तुमच्यासमोर नको. त्याचा चेहरा बोलतो, श्वास बोलतो. मेहुण्यांना तुमच्या मागे बसवा, अ‍ॅम्प्लिफायरच्या डिस्प्लेवर जाड कापड टाका. आधी "हा अ, हा ब" असं हवं तितका वेळ ऐका. मग त्यांनी नाणं उडवून क्ष लावायचा आणि तो अ की ब हे तुम्ही कागदावर लिहायचं. अ, ब, क्ष तिन्हींमध्ये वाटेल तितक्या वेळा फिरायची तुम्हाला मुभा. बरोबर की चूक हे मधे कुणी बोलायचं नाही. गाणं तुमच्या आवडीचं घ्या, पण त्यातला छोटा तुकडा निवडा. एखादी समेवर येणारी जागा किंवा नुसता तंबोरा.

असं १६ वेळा करा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर तुम्हाला फरक ऐकू येतो असं मी मानेन. नुसत्या नशिबानं तसं घडायची शक्यता सुमारे ३.८ टक्के आहे. पैकीच्या पैकी नको आणि १६ पैकी ९ वर उड्याही नकोत.

जवारी (पुणे)

विंगेतला, तुमचं आवाजाचं म्हणणं पटलं, ते मला सुचलं नव्हतं. पण माझी शंका तशीच आहे. रियाजी कानाला जे घरी निवांत बसून महिनाभरात कळतं ते १६ प्रश्नांच्या परीक्षेत कसं कळणार? आणि अशा चाचणीत नेहमी "काही फरक नाही" असंच उत्तर येत असेल तर ती चाचणीच बहिरी आहे असं का म्हणू नये?

विंगेतला

ताई, शंका रास्त आहे. चाचणी बहिरी असती तर तिला कशातच फरक सापडला नसता. पण तिला रोज सापडतात. कमी बिटरेटचा एमपी३ आणि मूळ फाइल, दोन वेगळे स्पीकर, आवाजातला लहानसा चढउतार, हे लोक डोळ्यांआड ओळखतात. तुमची जवारीही ओळखाल, मला खात्री आहे. दोरा सरकला की वरच्या स्वनकांची (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या सुरांची) सगळी मांडणीच बदलते.

स्पीकरबद्दल तर फार शिकण्यासारखं आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये आपल्याच कंपनीतल्या ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा दिसत असताना. पडद्याआड लोकांना स्पीकरची जागा बदलल्याचा फरक आणि गाण्यागणिक पडणारा फरक बरोबर कळत होता. स्पीकर दिसायला लागल्यावर मतं दिसण्याकडे झुकली, छोट्या स्वस्त जोडीचे गुण घसरले, आणि जागेचा खरा फरक मात्र कानाआड गेला. ही सगळी मंडळी ध्वनीच्या धंद्यातलीच होती. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. डोळे उघडे असताना नसलेला फरक ऐकू येतो आणि असलेला हुकतो.

सरावाचं तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. लंडनच्या जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये सीडीपेक्षा जास्त तपशिलाच्या ध्वनिमुद्रणांवरचे १८ अभ्यास एकत्र तपासले, चाचण्या १२ हजारांहून जास्त. बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. आकड्यांच्या हिशेबानं हे नशिबापेक्षा वरचं आहे, आणि सराव दिलेल्या श्रोत्यांमध्ये आणखी वर गेलं. तेव्हा "कुणालाच कधीच काही कळत नाही" असं मी म्हणणार नाही. पण १०० मध्ये ५२ म्हणजे "पहिल्याच तानेला अंगावर काटा" नव्हे. इतका लख्ख फरक खरा असेल तर तो डोळ्यांआड असा विरघळून जात नाही.

दडपणाबद्दल सांगायचं तर २०२२ चं उदाहरण बघा. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी महागड्या एलपी काढते. अस्सल अ‍ॅनालॉग म्हणून शौकीन मंडळी त्या नावाजत होती, डिजिटल कुठून आलं की लगेच कळतं असं छातीठोक सांगणारेही त्यात होते. त्या वर्षी उघड झालं की २०११ पासून बऱ्याच तबकड्यांच्या मास्टरिंगमध्ये डिजिटल पायरी होती. ती मंडळी घरी, निवांत, आपल्या यंत्रावर, वर्षानुवर्षं ऐकत होती. परीक्षा नव्हती, बावरायचं कारण नव्हतं.

आणि वादकांनाही यातून सूट नाही. २०१० मध्ये इंडियानापोलिसला हॉटेलच्या खोलीत २१ व्हायोलिनवादकांना काळे गॉगल लावून सहा व्हायोलिन वाजवायला दिली. तीन नवी, दोन स्ट्रॅडिव्हरी, एक ग्वार्नेरी. जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटीखाली सुगंधाचा थेंबही लावला होता. सगळ्यात कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हरीला. त्या वादकांना कान नव्हता असं कोण म्हणेल?

ओहम

पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. दुकानदार पुढची खेळी केबलची करणार, म्हणून फक्त त्याबद्दल. घराच्या पॉवर पॉइंटला घालतात ती २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ३ मीटर घेतली तर जाऊन-येऊन रोध साधारण ०.०४ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला त्यामुळे ०.०५ डेसिबलही पडत नाही. उलट अर्धा स्क्वेअर एमएमची बारीक वायर १० मीटर ओढली तर रोध ०.७ ओहमच्या जवळ जातो, आणि तिथे खरंच ऐकू येण्याइतका फरक पडू शकतो. म्हणजे केबलनं फरक पडतो, पण जाडी आणि लांबी यांमुळे, डबीवरच्या किमतीमुळे नाही.

नादखुळा (कोल्हापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री केलं.

आधी जसं होतं तसंच मोजलं, नवा एक्सएलआरवर आणि जुना आरसीएवर. विंगेतला दादा, मीटरवर जवळजवळ दुप्पट आकडा आला! त्या अवस्थेत मेहुण्याला बसवलं तर त्यानंही दर वेळी अचूक ओळखलं. चाचणी बहिरी नाही, ताई.

मग दोन्ही आरसीएवर घेतले. मीटरवरचे आकडे जवळच होते, गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांनी बसवून दिलेल्या पोटेंशियोमीटरनं एकसारखे झाले. कापड टाकलं, मेहुणा मागे, मी पुढे. नुसता तंबोरा असलेला आलापाच्या आधीचा तुकडा घेतला. लिहिताना बऱ्याच वेळा मला पक्की खात्री होती. कागद उघडले तर निम्म्याच्या आसपास. खात्रीची उत्तरं आणि अंदाजाची उत्तरं सारखीच चुकली होती. मग जागा बदलून मेहुण्याला बसवलं, त्याचंही तेच.

आता खरं आश्चर्य. सगळं संपल्यावर कापड काढलं आणि नवा डॅक लावून सहज ऐकत बसलो. त्याचा निळा दिवा दिसला आणि तंबोरा परत पसरला! कागद समोर टेबलावर होते तरी. तुम्ही सांगितलेल्या त्या उघड गोळ्यांची गोष्ट मला तेव्हा खरी समजली.

डॅक परत देतोय. पण डग्गा भरून ऐकण्याची गोडी लागलीय, ती कशी भागवू? हॉल १२ बाय १४ फूट, उघडी फरशी, स्पीकर शोकेसच्या कप्प्यात. मी समोरच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसतो.

विंगेतला

शोकेसच्या कप्प्यात! नादखुळा, मग तुमच्या घरात ऐकू येणारा सगळ्यात मोठा फरक अजून यायचाच आहे, आणि त्याला फारसा खर्च नाही.

स्पीकर कप्प्यातून काढून स्टूलवर ठेवा, त्यातला वरचा लहान भोंगा (ट्विटर) तुमच्या कानाच्या उंचीला येईल असे. मागच्या भिंतीपासूनचं अंतर बदलून बघा, कारण घुमार तिथे ठरते. भिंतीवरून परत येणारा ध्वनी ठरावीक स्वराला उलटा येऊन स्पीकरच्याच ध्वनीला खातो. अंतर १ मीटर असेल तर ही खोट ८६ हर्ट्झच्या आसपास पडते, आणि डग्ग्याची घुमार साधारण त्याच परिसरात असते. ३० सेंटिमीटरवर आणलंत तर खोट २८६ हर्ट्झपर्यंत वर जाते आणि खालचं भरतं. मधली अंतरंही करून बघा.

१४ फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झला खोली स्वतः घुमते. सोफा भिंतीला टेकलेला असल्यानं तुम्ही त्या घुमण्याच्या अगदी तोंडाशी बसलाय. दोन-तीन फूट पुढे ओढा, पण खोलीच्या बरोबर मध्ये नको, तिथे तोच ४० हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो. फरशीवर स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा दोन गोधड्या टाका, टाळी वाजवून घुमारा कमी झाला का ऐका.

हे फरक ०.१ चे नाहीत, खालच्या स्वरांना १० डेसिबलपर्यंत सहज जातात. तरी मेहुण्यांना बोलवा आणि एक एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही. खोलीचं दार कुठल्या भिंतीला आहे आणि शोकेस हलवता येतं का ते कळवा, मग स्पीकर लांबीकडे लावायचे की रुंदीकडे ते ठरवू.